५२५ पटींचे आमिष आणि ग्रहांसाठी नेत्रिका

मुलांसाठी हौसेने घेतलेल्या ६० मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीच्या खोक्यावर अनेकदा ‘५२५ पट’ असे ठळक छापलेले असते. गणित म्हणून हा आकडा खोटा नाही. वस्तुभिंगाचे, म्हणजे पुढच्या मोठ्या भिंगाचे, नाभीय अंतर (भिंगापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचे अंतर) ७०० मिलिमीटर असेल, तर त्याला नेत्रिकेच्या, म्हणजे डोळा लावतो त्या भिंगाच्या, ४ मिलिमीटर नाभीय अंतराने भागून १७५ येतात आणि मध्ये वर्धन तिप्पट करणारे बार्लो भिंग बसवले की ५२५ होतात. मात्र एवढ्या वर्धनाने दादरच्या गच्चीवरून गुरू पाहिला, तर पट्ट्यांऐवजी थरथरणारा फिकट डाग दिसतो आणि दुर्बीण माळ्यावर जाते.

बारकावे किती दिसणार हे नेत्रिका नव्हे, वस्तुभिंगाचा व्यास ठरवतो. प्रकाश तरंगरूप असल्यामुळे भिंगाच्या कडेशी त्याचे विवर्तन होते, म्हणजे तो किंचित पसरतो, आणि बिंदूची प्रतिमा इवलीशी चकती बनते. त्यामुळे ६० मिलिमीटरच्या भिंगातून साधारण २ विकलांपेक्षा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) जवळ असलेले दोन तारे वेगळे दिसत नाहीत. आपल्या डोळ्याला सुमारे ६० विकलांचे अंतर ओळखता येते, म्हणजे ३० पटींतच त्या २ विकला डोळ्याच्या आवाक्यात येतात, आणि डोळ्याला ताण न देता पाहायचे तर ६० ते १२० पटी पुरतात. त्यापुढे ती चकतीच फुगत जाते. शिवाय वर्धन दुप्पट केले की तोच प्रकाश चौपट क्षेत्रावर पसरतो व प्रतिमा मंदावते.

नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेची जाडी म्हणजे भिंगाचा व्यास भागिले वर्धन. दिवसा, सूर्यापासून दूर, उजळ आकाशाकडे दुर्बीण रोखून डोळा वीतभर मागे घेतला, तर नेत्रिकेत तिचा लखलखीत ठिपका दिसतो. ५२५ पटींना ही जाडी जेमतेम ०.११ मिलिमीटर उरते आणि डोळ्यातले तरंगते कणही प्रतिमेवर फिरताना दिसू लागतात. ग्रहांसाठी ती १ ते ०.५ मिलिमीटर असावी. नाभीय अंतराला व्यासाने भागून जो आकडा येतो, तितक्या मिलिमीटरच्या नेत्रिकेने ही जाडी बरोबर १ मिलिमीटर मिळते. वरच्या दुर्बिणीसाठी ती १२ मिलिमीटरची, तर २०० मिलिमीटर व्यास आणि १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या परावर्तक (आरशाच्या) दुर्बिणीसाठी ६ मिलिमीटरची होईल.

मुंबईचा झगमगाट ग्रहांच्या आड फारसा येत नाही, त्यामुळे शनीची कडी पाहायला शहराबाहेर अंधाऱ्या आकाशाची वांगणी गाठावी लागत नाही. आड येते ती हवा. दिवसभर तापलेला गच्चीचा स्लॅब रात्री उष्णता सोडतो आणि त्या उसळत्या हवेत २०० पटींचे चित्र विरघळते. म्हणून मोठ्या दुर्बिणीसोबतही १०० ते १५० पटी देणारी एक नेत्रिका हवीच. शनीच्या नजरेला घाबरणाऱ्यांना तर मी आवर्जून दुर्बिणीपाशी बोलावतो. त्याला सूर्याभोवती एका फेरीस सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात, म्हणून तो एका राशीत अडीच आणि तीन राशींत साडेसात वर्षे दिसतो. साडेसातीचा आकडा एवढ्यावरूनच आला आहे.

चष्मा लावणाऱ्यांनी ४ मिलिमीटरची साधी, प्लोसल प्रकारची नेत्रिका टाळावी, कारण तिच्या भिंगाला डोळा जवळजवळ चिकटवावा लागतो. त्यापेक्षा १२ मिलिमीटरची नेत्रिका आणि दुप्पट बार्लो घ्यावे.