खाऱ्या पाण्याच्या टँकमधलं मीठ, पाणी बदलणं आणि डोसिंग पंप: हे सगळं आलं कुठून

दर्यापूर, मूर्तिजापूर, शेगाव या भागात कोणाकडे समुद्री माशांचा टँक असला की बघायला येणारा माणूस हमखास विचारतो, आपल्या बोरचं पाणी तर खारंच हाये, मग मिठाची बादली विकत कशाला मागवता? प्रश्न अगदी रास्त आहे. खारपाणपट्ट्यात जन्म गेलेल्या माणसाला पाण्याची चव कळते, फक्त चवीवरून प्रमाण कळत नाही, आणि समुद्राच्या पाण्यात सगळा खेळ प्रमाणाचाच आहे.

१८७२ ते १८७६ या काळात चॅलेंजर नावाचं जहाज जगभरच्या समुद्रांचं पाणी गोळा करत फिरलं. त्यातले ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनतज्ज्ञाने तपासले आणि १८८४ मध्ये निकाल छापला. कुठे पाणी जास्त खारट, कुठे कमी, पण त्यातल्या सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट यांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास सगळीकडे तेच. आज आपण एकाच बादलीतलं मीठ ढवळतो आणि खारटपणाचा एकच आकडा मोजतो (लिटरला साधारण ३५ ग्रॅम), ते चालतं यामुळेच. पूर्णा खोऱ्यातल्या बोरचं पाणी किंवा लोणारचं पाणी खारं असलं तरी त्यात ते प्रमाण नाही, लोणारचा पीएच तर १० च्या आसपास, सोडाच जास्त आणि कॅल्शियम नावाला, त्यात समुद्रातला मासा टिकणार नाही.

दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, की हे बरंचसं तंत्र समुद्रापासून लांब राहणाऱ्या लोकांनी घडवलं, किनाऱ्यावरच्याला त्याची गरजच नव्हती. १८४६ मध्ये अ‍ॅना थिन या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्कीहून प्रवाळ लंडनला आणलं आणि पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण रोज उघड्या खिडकीपाशी ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत बसायची. पंप नाही, टायमर नाही, सगळं हाताने. मग १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं आणि तिथे समुद्राचं पाणी वाहून आणणं किती कटकटीचं आहे ते कळल्यावर निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ च्या सुमारास चार क्षार मिसळून पाणी घरीच बनवलं: साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराईड, पोटॅशियम क्लोराईड. त्या चारात कॅल्शियम नव्हतं, प्रवाळ आपला सांगाडा बांधतं ते त्यातूनच, आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षं प्रवाळ पाळणाऱ्यांची खरी झटापट या कॅल्शियमशीच झाली.

तयार मिठाची पाकिटं बाजारात स्थिरावली ती १९६० च्या दशकात अमेरिकेत, ओहायोतून, तेही समुद्रापासून कोसो दूर. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन यांनी आरओचा कामाचा पडदा तयार केला, ज्याच्या जिवावर आज गावोगावी पाण्याचे एटीएम चालतात. आपल्यासाठी तयार मीठ आणि आरओ ही जोडी म्हणजे वरदानच आहे, कारण मीठ कितीही भारी असलं तरी ते फ्लोराईड आणि नायट्रेटच्या बोरच्या पाण्यात कालवलं तर काय उपयोग.

आता ऑटोमेशन. इथे नवीन लोकांचा एक गोंधळ कायम होतो, टँकचं पाणी कमी झालं की ते मिठाचं पाणी ओततात. आपल्याकडे कूलरचं गवत दिवाळीत काढून बघा, त्यावर पांढरी खरपुडी बसलेली असते, नख लावलं की पापुद्रा निघतो, कारण पाणी उडून गेलं आणि क्षार तिथेच राहिले. टँकमध्येही तेच होतं. समजा मे महिन्यात २०० लिटरच्या टँकमधून दिवसाला ४ लिटर उडालं तर खारटपणा ३५ वरून एका दिवसात ३५.७ वर जातो, आणि भरायचं असतं ते नुसतं आरओचं गोडं पाणी. म्हणून सगळ्यात आधी आलं ते ऑटो टॉप ऑफ, म्हणजे फ्लोट स्विच आणि छोटी मोटर, कूलरच्या टाकीत कॉक असतो तेच तत्त्व.

याच भरायच्या पाण्यातून पहिलं खरं डोसिंग, म्हणजे लागणारे क्षार मोजून देणं, सुरू झालं. १९७० च्या दशकात पीटर विल्केन्स यांनी चुन्याची निवळी वापरायची पद्धत रुजवली, उडालेल्या पाण्याच्या जागी रात्री थेंब थेंब निवळी सोडायची, प्रवाळाला कॅल्शियमही मिळतं आणि अल्कलिनिटीही (म्हणजे पाण्याचा पीएच घसरू न देण्याची ताकद). अडचण एकच, उडतं तेवढंच देता येतं, आणि निवळीचा पीएच १२ च्या वर असल्याने फ्लोट अडकला तर अख्खा टँक दुधासारखा पांढरा होतो. मग १९९४ मध्ये जर्मनीत हान्स-वेर्नर बालिंग यांनी तीन द्रावणांची पद्धत मांडली: एकात कॅल्शियम क्लोराईड, दुसऱ्यात खायचा सोडा, आणि तिसऱ्यात साधं मीठ वगळून बाकीचे समुद्री क्षार. तिसरं कशाला? कारण पहिल्या दोनांतून प्रवाळ कॅल्शियम कार्बोनेट घेतं आणि मागे उरतं ते साधं मीठ, ते साठत गेलं की डिटमारवालं प्रमाण बिघडतं. मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात हुशार गोष्ट हीच वाटते. (आपल्या समुद्रातली प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, कोकणात फिरायला गेलात तर उचलून आणू नका.)

हे मिलीलिटरमध्ये मोजून द्यायला लागतो पेरिस्टाल्टिक पंप, ज्यात रोलर नळी दाबत दाबत पाणी पुढे ढकलतात. त्याचं पेटंट अमेरिकेत १८५५ सालचं, १९३० च्या दशकात डिबेकी या अमेरिकन डॉक्टरांनी तो रक्त चढवायला वापरला, आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात डायलिसिसच्या मशीनवर जे गोल गोल फिरताना दिसतं तेही तेच. असे दोन पंप जोडले, एक जुनं पाणी बाहेर काढणारा आणि एक नवीन मिठाचं पाणी आत सोडणारा, की पाणी बदलणं आपोआप. रोज १ टक्का असं ३० दिवस केलं तर प्रत्यक्षात २६ टक्के पाणी बदलतं, एकदम ३० टक्के बदलण्यापेक्षा थोडंच कमी, आणि माशांना धक्का नाही. मात्र दोन्ही पंप सारखे चालले पाहिजेत. दिवसाला २ लिटर बाहेर जातं आणि १.९ लिटरच आत येतं असं झालं तर उरलेलं १०० मिली टॉप ऑफ गोड्या पाण्याने भरतो, आणि महिन्याभरात ३५ चं ३४.५ होऊन बसतं. नळी दबून दबून सैल होते, त्यामुळे मोजपात्र लावून पंप अधूनमधून तपासावाच लागतो.

२००५ मध्ये आर्डुइनो (हवा तसा कोड टाकता येणारा छोटा बोर्ड) आणि २०१२ मध्ये रास्पबेरी पाय (तळहाताएवढा स्वस्त संगणक) आला, तेव्हापासून महागड्या कंट्रोलरशिवाय हे सगळं घरी जोडता यायला लागलं, मोकळं सॉफ्टवेअरही मिळतं. पण ते बनवणाऱ्यांच्या गावात लाईन जात नाही. आर्डुइनो उनोच्या जुन्या (आर३ पर्यंतच्या) बोर्डात घड्याळच नाही, लाईन गेली की मोजणी शून्यापासून सुरू, मग लाईन आल्यावर तो सकाळचा डोस पुन्हा देऊ शकतो. रास्पबेरी पायच्या चौथ्या मॉडेलपर्यंत बॅटरीवर चालणारं घड्याळ नव्हतं, इंटरनेट आल्याशिवाय त्याला वेळ कळत नाही, आणि आमच्याकडे लाईनसोबत टॉवरही जातो. म्हणून इथे बसवताना बटणसेलवालं डीएस३२३१ घड्याळ आधी लावा, आणि आज किती मिली गेलं तो आकडा प्रत्येक डोसनंतर मेमरीत लिहून ठेवणारा कोड टाका, पंप त्यानंतर जोडा.