गाडीवरची फिल्म आणि तिच्याखालचं पाणी

फिल्म टाकली, रबरी पट्टी फिरवली, बॉनेट चकाचक. असे अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ पाहूनच मी पीपीएफचा, म्हणजे रंग वाचवणाऱ्या पारदर्शक फिल्मचा, पहिला तुकडा मागवला. साइड मिररच्या पाठीपुरता, वहीच्या पानाएवढा. मागचं आवरण सोललं, कोरड्या बोटांनी कोपरे धरले, पाण्याचे दोन फवारे मारले आणि फिल्म टेकवली. टेकली तिथेच ती बसली. सरकवायला गेलो तर ताणली गेली, सोडल्यावर मागे आली आणि मधोमध एक वळी उरली. कोपऱ्यांवर गोंदात माझ्या बोटांचे ठसे उमटले होते. रेघ न् रेघ दिसत होती. तो तुकडा सोलून टाकावा लागला.

हे काम मुळात पाण्याचं आहे, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

आधी फिल्मविषयी थोडं. ती थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची असते, जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे डोक्याचे दोन-तीन केस एकावर एक ठेवावेत तेवढी. या कल्पनेचा उगम व्हिएतनाम युद्धाच्या काळातला. हेलिकॉप्टरची पाती वाळूच्या माऱ्याने झिजायची, म्हणून त्यांच्यावर पॉलियुरेथेनची पट्टी लावायला सुरुवात झाली. उडून आलेल्या खड्याचा धक्का फिल्म स्वतः दबून झेलते. म्हणजे तिची खरी ताकद मऊपणात आहे. गाडीच्या कोटिंगच्या जाहिरातींत ‘९एच’ हा आकडा मिरवला जातो आणि वाचणाऱ्याला वाटतं, हिरा १० म्हणजे हे जवळपास हिऱ्याइतकं कठीण. हा निव्वळ गैरसमज आहे. ९एच हा पेन्सिलीच्या शिश्याचा दर्जा आहे. चाचणी पेन्सिलीने ओरखडा काढून बघण्याची आहे, आणि खनिजांच्या काठिण्याची १० पर्यंतची मोजपट्टी ही सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे.

आता पाणी. फिल्मच्या पाठीवरचा गोंद दाबला की चिकटतो, त्याला वाळावं लागत नाही. रंग आणि गोंद यांच्या रेणूंमधलं व्हान डर वाल्स आकर्षण त्याला धरून ठेवतं. एकेकटं पाहिलं तर हे आकर्षण अगदी दुबळं, आणि त्याचा पल्ला जेमतेम काही नॅनोमीटरचा. मध्ये एक मायक्रॉन पाणी राहिलं तरी ते १००० नॅनोमीटरचं अंतर झालं, आणि तेवढ्या अंतरावरून गोंदाला रंगाचा पत्ताच लागत नाही. म्हणून साबणाच्या पाण्यावर फिल्म तरंगते आणि हवी तशी सरकवता येते. लिटरभर पाण्यात बेबी शाम्पूचे काही थेंब पुरतात. शाम्पूमुळे पाण्याचा पृष्ठताण उतरतो आणि पाणी थेंबाथेंबांत न तुटता सलग पसरतं. शाम्पू जास्त झाला तर मात्र त्याचे रेणू गोंदावर ठाण मांडून बसतात आणि कडा धरत नाहीत.

हे पाणी बाहेर काढणं हा या कामातला माझा सर्वांत आवडता भाग. द्रवात बुडवलेल्या दोन चकत्या एकमेकींपासून ओढून काढायला एवढा जोर का लागतो, याचा अभ्यास ऑस्ट्रियाचे भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ स्टेफान यांनी १८७४ मध्ये केला. तारे किती ऊर्जा बाहेर टाकतात हे सांगणारा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो, तेच हे स्टेफान. त्यांचं सूत्र उलट दिशेने वापरलं की चकत्यांमधला द्रव पिळून काढायला किती वेळ लागेल ते कळतं. पातळ फटीत दोन्ही भिंतींना लागलेलं पाणी जागचं हलत नाही, वाहतं ते फक्त मधलं. फट जितकी अरुंद, तितका हा अडथळा मोठा. दाब तोच ठेवला तर लागणारा वेळ पाण्याला कडेपर्यंत कापाव्या लागणाऱ्या अंतराच्या वर्गाशी समप्रमाणात असतो आणि शेवटी उरणाऱ्या थराच्या जाडीच्या वर्गाशी व्यस्तप्रमाणात. थर १०० मायक्रॉनपर्यंत उतरायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या १०० पट वेळ १० मायक्रॉनपर्यंत उतरायला लागतो. हाताच्या तळव्याने दाबताना पाण्याला समजा ५ सेंटिमीटर जायचं आहे आणि स्क्वीजीच्या, म्हणजे त्या रबरी पट्टीच्या, धारेखाली अर्धा सेंटिमीटर. अंतर दहापट कमी, म्हणजे वेळ शंभरपट कमी. शिवाय तोच जोर अरुंद धारेवर एकवटल्याने दाब वाढतो, तो फायदा वेगळाच. फिल्म लवचीक असल्यामुळे हे आकडे तंतोतंत लागू होत नाहीत, पण स्क्वीजी मधून कडेकडे, प्रत्येक फटका आधीच्या फटक्यावर थोडा चढवत का फिरवायची, ते यातून उलगडतं. मी आधी ती मनाला येईल तशी फिरवायचो आणि दोन फटक्यांमध्ये पाण्याचं तळं अडकायचं. चारी बाजूंनी चिकटलेल्या फिल्मखालून ते जाणार कुठे?

स्क्वीजीच्या आधी कडा धरून ठेवायच्या असतील तर दुसरी बाटली लागते: पाण्यात साधारण १० ते २० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. हे मिश्रण गोंदावरचा साबण धुऊन काढतं आणि स्वतः लवकर उडून जातं, त्यामुळे तेवढ्या जागी फिल्म पटकन पकड घेते. अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा ही बाटली हीट गनपासून, म्हणजे गरम हवा सोडणाऱ्या यंत्रापासून, लांब ठेवा. मिररसारखा भाग दोन्ही दिशांनी वळलेला असतो. सपाट पत्रा न ताणता त्यावर बसूच शकत नाही, हे गणितज्ञ गाउसने १८२७ मध्येच गणिताने दाखवलं होतं. म्हणून एक कड धरवायची, कोमट पाण्याने फिल्म मऊ करायची आणि हलकेच ताणून समोरची कड धरवायची. आणि कात्री चालवायची ती आधीच. गाडीच्या रंगावर ब्लेड कधीही टेकवू नका.

दुसऱ्या तुकड्याच्या वेळी मी गोंदाची बाजू सोलता सोलताच भिजवली, बोटंही भिजवली. फिल्म सरकली, बसली. तरी काम संपल्यावर मधे एक दुधाळ डाग राहिला, नखाएवढा. पुन्हा पुन्हा पट्टी फिरवूनही तो हलेना. हे शेवटचं पाणी कडेने जातच नाही. पॉलियुरेथेनमधून पाण्याची वाफ आरपार जाऊ शकते, तेव्हा ते फिल्ममधूनच रेणूरेणूने बाहेर पडतं. घाईने टाचणी टोचायची गरज नाही. चौथ्या दिवशी सकाळी पाहिलं तर डाग गेला होता. त्याच्या शेजारी बारीक फोडासारखा एक धुळीचा कण दिसत होता. त्याला फिल्ममधून वाट नाही. फिल्म काढेपर्यंत तो तिथेच राहणार.