मालदीवमधील डायव्हिंग रिसॉर्ट

वस्ती नसलेल्या बेटावर उभारलेले, राहणे, जेवण आणि पेये एकाच दरात देणारे आणि स्वतःचे डायव्हिंग केंद्र चालवणारे निवासस्थान. ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ ही मालदीवच्या पर्यटनाची मूळ घडी आहे. सरकार बेट भाडेपट्ट्याने देते. वीज, खाऱ्याचे गोडे केलेले पाणी, सांडपाण्याची सोय, कर्मचाऱ्यांची वसाहत हे सारे त्या बेटावरच उभे करावे लागते. १९७२ मध्ये विहामनाफुशी बेटावर कुरुम्बा हे पहिले रिसॉर्ट सुरू झाले. सुमारे १,१९० बेटे आणि २६ प्रवाळवलये असलेल्या या देशात आज दीडशेहून अधिक रिसॉर्ट आहेत.

दरात काय असते

‘ऑल-इन्क्लुझिव्ह’ या शब्दाने डायव्हरची हमखास गल्लत होते. त्या दरात सहसा तिन्ही वेळचे जेवण, ठरावीक मद्य व शीतपेये, स्नॉर्केलिंगचा मास्क व फिन आणि फार तर एखादी सूर्यास्ताची फेरी असते. डायव्हिंग बहुधा वेगळे. डाइव्हचा दर हवेची टाकी व खाली जाण्यासाठी बांधायची वजने यांसह असतो. बोटीचे भाडे, रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाशी देणारे यंत्र), बीसीडी (तरंगण्याचा तोल राखणारे फुगवायचे जाकीट) व सूट यांचे भाडे आणि टॉर्च यांचे पैसे निराळे. दरपत्रकावर आकड्यापुढे दोन अधिक चिन्हे असली, तर त्यावर १० टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर पर्यटन जीएसटी लागतो. जुलै २०२५ पासून हा कर १७ टक्के आहे. म्हणजे ६० डॉलरची डाइव्ह प्रत्यक्षात ७७ डॉलरला पडते. शिवाय २०२५ पासून रिसॉर्टमध्ये माणशी रात्रीला १२ डॉलर हरित कर आहे. तो खोलीच्या दरात धरला आहे का, हे आधी विचारावे.

अशा पॅकेजचा खरा नफा पेयांत असतो, आणि दिवसाला दोन डाइव्ह करणाऱ्याला तो उचलताच येत नाही. मद्याने शरीरातील पाणी कमी होते आणि निर्जलीकरण हे डीकॉम्प्रेशन आजाराला, म्हणजे वर येताना शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याला, हातभार लावते. म्हणून शेवटची डाइव्ह संपेपर्यंत पिणे नाही आणि रात्रीही बेतानेच. डायव्हरने पूर्ण भोजनाचा दर व दहा डाइव्हचे पॅकेज यांची बेरीज एका बाजूला आणि ऑल-इन्क्लुझिव्ह दर व तेच डाइव्ह पॅकेज यांची दुसऱ्या बाजूला मांडून पाहावी. मद्य न घेणाऱ्यांना बहुतेक वेळा पहिलेच स्वस्त पडते. ‘अमर्याद हाउस रीफ डायव्हिंग’, म्हणजे बेटाला लागूनच असलेल्या प्रवाळावर हव्या तितक्या डाइव्ह, देणारी रिसॉर्टे मात्र याला अपवाद आहेत.

बेट कसे निवडावे

जेवणाच्या टेबलापेक्षा हाउस रीफ महत्त्वाचा. किनाऱ्यापासून तीस-चाळीस मीटरवर प्रवाळाचा उतार सुरू होत असेल, तर दिवसातली एक डाइव्ह बोटीशिवाय होते. उपग्रह छायाचित्रात बेटाला लागून फिकट निळ्याची गडद निळ्यात बदलणारी रेघ दिसली, की उतार जवळ आहे असे समजावे. बेटाभोवती दूरवर उथळ, पांढरट लगून (प्रवाळाने वेढलेले शांत पाणी) पसरलेले असेल, तर ते लहान मुलांना उत्तम. डायव्हरला प्रत्येक वेळी बोट लागणार. पाण्यावरच्या व्हिलांसाठी वाळू उपसलेल्या बेटांवर गाळ बसून जवळचा प्रवाळ गुदमरलेला असतो. १९९८ आणि २०१६ च्या तापलेल्या समुद्राने उथळ प्रवाळाचे मोठे नुकसान केले, त्यामुळे पहिल्या पाच मीटरांत जुन्या छायाचित्रांतल्यासारखे रंग शोधू नयेत. मासे मात्र भरपूर, आणि २०१० पासून शार्क मासेमारीवर बंदी असल्याने शार्कही.

ऋतू दोन. साधारण डिसेंबर ते एप्रिल ईशान्य वारे असतात. तेव्हा प्रवाह पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो, पूर्वेच्या कडेला पाणी नितळ राहते आणि प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) पश्चिम कडेला जमतात. मे ते नोव्हेंबर नैर्ऋत्य वाऱ्यांत हे उलटते. मांटा रे हे पंखांसारखे कल्ले असलेले मोठे मासे प्लवकांच्या मागे जातात, म्हणून एकच जागा वर्षभर मांटाची नसते. बा प्रवाळवलयातील हानिफारू उपसागर नैर्ऋत्य मोसमात मांटांसाठी प्रसिद्ध आहे, पण तिथे स्कूबाला मनाई आहे. फक्त स्नॉर्केलिंग चालते. टाकी घेऊन हानिफारूला जाण्याचे बेत आखणारे दरवर्षी हिरमुसतात. व्हेल शार्क दक्षिण अरी वलयाच्या बाहेरच्या कडेला बारा महिने दिसू शकतात. पाण्याचे तापमान २७ ते ३० अंश सेल्सिअस. ३ मिमीचा सूट पुरतो.

पोहोचण्यापूर्वी

राजधानी मालेहून दूरच्या वलयांत सीप्लेनने जावे लागते. ते फक्त दिवसा उडते आणि सामानाची मर्यादा साधारण २० किलो अधिक हातातले ५ किलो असते. स्वतःचा रेग्युलेटर, मास्क आणि डाइव्ह कॉम्प्युटर आणावा. बीसीडी व फिन भाड्याने घेतले तरी चालते. माले भारताच्या अर्धा तास मागे आहे, पण अनेक रिसॉर्ट आपले घड्याळ मालेच्या एक तास पुढे ठेवतात. परतीच्या विमानाची वेळ मालेची, हे विसरल्याने गोंधळ उडतो. मद्य आणि डुकराच्या मांसाचे पदार्थ देशात आणता येत नाहीत.

वैद्यकीय प्रश्नावली घरीच वाचावी. दमा, हृदयविकार, अपस्मार, कानाची शस्त्रक्रिया यांपैकी कशालाही ‘होय’ लिहावे लागणार असेल, तर भारतातूनच डॉक्टरचे सहीचे पत्र न्यावे. बेटावर तोच कागद मिळवण्यात पैसे आणि एक दिवस दोन्ही जातात. महाराष्ट्रातील अनेकांची पाण्याखालची पहिली ओळख तारकर्ली-मालवणला किंवा गोव्याच्या ग्रँड आयलंडला होते. पण तिथली प्रशिक्षकाने धरून केलेली अर्ध्या तासाची डाइव्ह म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. ओपन वॉटर या पहिल्या प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमाला तीन-चार दिवस लागतात. सिद्धांताचा भाग घरी ऑनलाइन उरकला, तर बेटावरचे दिवस वर्गात जात नाहीत.

रोजची पद्धत

पहिल्या दिवशी केंद्र प्रमाणपत्राचे कार्ड आणि लॉगबुक (आधीच्या डाइव्हची नोंदवही) पाहते आणि हाउस रीफवर तपासणी डाइव्ह घेते: मास्कमधले पाणी काढणे, रेग्युलेटर सुटला तर परत तोंडात घेणे, तरंगण्याचा तोल. वजने इथेच ठरवावीत. मालदीवची नेहमीची टाकी १२ लिटरची ॲल्युमिनियमची असते. २०० बार दाबावरून ५० बारवर येताना तिच्यातून सुमारे सव्वादोन किलो वजनाची हवा कमी होते आणि शेवटी ती डायव्हरला वर ओढू लागते. म्हणून वजनाची परीक्षा भरल्या टाकीने नव्हे, ५० बार उरले असताना ५ मीटरवर थांबता येते का, यावर करावी.

हवेचा हिशेब सोपा आहे. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागणाऱ्याला २० मीटरवर, म्हणजे तिप्पट दाबाखाली, ६० लिटर लागतात. ५० बार राखून १,८०० लिटर उरतात. ते अर्ध्या तासात संपतात. ३२ टक्के नायट्रॉक्स, म्हणजे ३२ टक्के ऑक्सिजन असलेली हवा, अनेक केंद्रे फुकट देतात. त्याने हवा जास्त पुरत नाही, नायट्रोजन कमी साठतो, आणि ऑक्सिजनच्या दाबावरील १.४ बारच्या मर्यादेने त्याची कमाल खोली सुमारे ३४ मीटर येते. देशाच्या नियमाने मनोरंजनासाठीच्या डाइव्हची मर्यादा ३० मीटर आहे आणि डीकॉम्प्रेशन थांबे (नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून वर येताना घ्यावे लागणारे सक्तीचे थांबे) लागतील अशी डाइव्ह करता येत नाही.

बोटीच्या डाइव्हसाठी आदल्या संध्याकाळी फलकावर नाव लिहावे लागते. सकाळी धोनी, म्हणजे इथली पारंपरिक घडणीची बोट, निघते, तीही कंडू, थिला किंवा गिरीकडे. थिला म्हणजे पाण्याखालचा डोंगर, गिरी त्याचा उथळ भाऊ, आणि कंडू म्हणजे वलयाच्या कडेतली खिंड. मालदीवची खरी डाइव्ह कंडूतली. समुद्राकडून आत येणारा प्रवाह असेल तेव्हा पाणी स्वच्छ असते आणि खिंडीच्या ओठावर, २५-३० मीटरवर, करडे रीफ शार्क व ईगल रे तोंड प्रवाहाकडे करून उभे असतात. गाइड आधी उडी मारून प्रवाह पाहतो. मग सगळे बीसीडी रिकामी करून एकदम उतरतात, कारण पृष्ठभागावर रेंगाळणारा ओठ चुकवून आत वाहत जातो. ओठावर मृत खडकात हुक अडकवून थांबतात, नंतर सुटून प्रवाहाबरोबर आत जातात. प्रवाह बाहेर जाणारा असेल तर लगूनचे गढूळ पाणी येते आणि डायव्हर मोकळ्या समुद्रात जातो. अशा वेळी चांगले केंद्र जागा बदलते. तेव्हा कुरकुर करू नये.

वर येताना खबरदारी म्हणून ५ मीटरवर तीन मिनिटे थांबताना फुगवायचा नारिंगी बोया प्रत्येकाकडे हवा, जोडीत एक नव्हे. जोडीदार दिसेनासा झाला तर एक मिनिट शोधायचे आणि वर यायचे. लाटांत पाण्याबाहेरचे डोके बोटीवरून दिसत नाही, बोया दिसतो.

नेहमीचे बिघाड

सर्वांत जास्त डाइव्ह कानामुळे बुडतात. दिवसभर ओले राहिल्याने बाहेरच्या कानाला संसर्ग होतो. प्रत्येक डाइव्हनंतर गोड्या पाण्याने कान धुऊन कोरडे करावेत, काडी घालू नये. सर्दीवर गोळी घेऊन उतरल्यास खाली असताना तिचा असर संपतो आणि वर येताना कानातली हवा अडकते. टायटन ट्रिगरफिश घरट्यावर असताना चावतो. त्याचा इलाखा शंकूसारखा वर रुंदावत जातो, म्हणून पळताना वर नव्हे, आडवे पोहावे.

परतीचा हिशेब आधी करावा. अनेक डाइव्ह केल्यानंतर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास जाऊ द्यावेत. बरीच केंद्रे २४ तास धरतात, आणि सीप्लेनलाही हाच नियम लावतात. सकाळी १० ला उड्डाण असेल तर १८ तासांच्या नियमानेही आदल्या दिवशी दुपारी ४ नंतर पाण्याखाली राहता येत नाही. डीकॉम्प्रेशन आजारावर उपचार करणारे दाबकक्ष बंडोससारख्या मोजक्या ठिकाणी आहेत आणि तिथवरची बोट व उपचार दोन्ही महाग असतात. साधा प्रवास विमा स्कूबा वगळू शकतो किंवा खोलीची अट घालतो. ३० मीटरपर्यंत संरक्षण देणारा डायव्हिंग विमा वेगळा घ्यावा आणि त्याचा आणीबाणीचा फोन क्रमांक केंद्राच्या अर्जावर लिहून ठेवावा.