कुठेही सेव्ह: थांबण्याची सोय आणि मागे फिरण्याची सोय

गेममध्ये वाटेल तेव्हा सेव्ह करता यावं का, हा वाद आज आवडीनिवडीचा वाटतो. सुरुवातीला प्रश्न होता तो फक्त साठवणुकीच्या जागेचा.

१९८६ साली जपानात फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या कन्सोलवर आलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या कार्ट्रिजमध्ये (गेम असलेल्या डबीत) काहीच साठवता येत नसे. गेममधल्या राजाकडे गेलं की तो २० अक्षरांचा मंत्र, म्हणजे पासवर्ड, देई. तो कागदावर उतरवायचा आणि पुढच्या वेळी जसाच्या तसा भरायचा. दुसऱ्या भागात साथीदार आणि सामान वाढलं, तसा मंत्र ५२ अक्षरांपर्यंत गेला. एक अक्षर चुकलं की सगळी मेहनत पाण्यात. एवढ्या जागेत प्रगती, पैसे, सामान मावे. कोणता शत्रू कुठे उभा आहे हे मावणं शक्यच नव्हतं.

अमेरिकेत १९८७ मध्ये ‘झेल्डा’ हा गेम आला तो ८ केबी रॅम आणि ती जिवंत ठेवणारा बटणसेल घेऊन. बंद करताना मात्र रीसेट दाबून धरूनच पॉवर बंद करायची. व्होल्टेज घसरताना प्रोसेसर भरकटतो आणि रॅममध्ये कचरा लिहू शकतो. रीसेट दाबलेलं असलं की तो गप्प राहतो.

हार्ड डिस्क असलेल्या पीसीवर ही अडचण नव्हती. ‘डूम’मध्ये (१९९३) एफ६ दाबलं की क्विकसेव्ह, एफ९ दाबलं की परत तिथेच. प्रत्येक राक्षसाची जागा, उघडा दरवाजा, हवेतला आगीचा गोळा, सगळं फाइलमध्ये जाई. दुखणंही त्यातच आहे: गोळा अंगावर येत असताना एफ६ दाबलं गेलं, तर दर एफ९ला मरण ठरलेलं. म्हणून क्विकसेव्हवर विसंबू नये, एक जुना स्लॉट वेगळा ठेवावा.

दरम्यान टंचाईचाच कुणीतरी खेळ केला. ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये (१९९६) सेव्हसाठी टाइपरायटर गाठावा लागे आणि दर वेळी एक शाईची रिबन खर्ची पडे. भीतीचा निम्मा भाग त्या रिबनच्या हिशेबात होता. ‘प्रोजेक्ट आयजीआय’ (२०००) त्याहून कडक: मिशनच्या मध्ये सेव्ह नाहीच. आपल्याकडे सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून खेळणाऱ्यांना शेवटच्या गोळीने पुन्हा कुंपणाबाहेर आणून सोडलं, की खिशालाही चाट बसे. दुसऱ्या भागात (२००३) मोजके सेव्ह मिळाले.

आमच्या मते या भांडणात दोन गोष्टींची गल्लत होते. थांबता येणं वेगळं, केलेली चूक पुसता येणं वेगळं. १९८०च्या सुमाराच्या ‘रोग’ (Rogue) या गेमने त्या केव्हाच वेगळ्या केल्या होत्या: हवं तेव्हा सेव्ह करून बाहेर पडा, पण परत आलात की ती फाइल पुसली जाईल. (लोक फाइलची आधीच कॉपी करून ठेवत, ते सोडा.) ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ने (२०१८) सेव्हसाठी दारूची बाटली खर्च करायला लावली, खेळाडूंनी ओरड केली, आणि अपडेटमधून ‘सेव्ह करून बाहेर पडा’ हाच जुना तोडगा आला.

हल्लीच्या कन्सोलवर गेम मध्येच गोठवून ठेवता येतो, पण ते सेव्ह नव्हे. स्लीपमध्ये, म्हणजे कन्सोल झोपवून ठेवला असताना, सगळं रॅममध्येच असतं. वीज गेली की गेलं. एक्सबॉक्सचं क्विक रिझ्यूम ते एसएसडीवर (वीज गेली तरी टिकणाऱ्या साठवणीवर) उतरवतं खरं, पण गेमचा अपडेट आला की गोठवलेली स्थिती बाद होते आणि शेवटच्या खऱ्या सेव्हपासून सुरुवात करावी लागते.