आवर्त सारणी आणि मूलद्रव्यांच्या गुणधर्मांतील कल

आवर्त सारणी : मूलद्रव्यांची अणुअंकाच्या चढत्या क्रमाने केलेली मांडणी. अणुकेंद्रातील प्रोटॉनांची संख्या म्हणजे अणुअंक. आजवर ११८ मूलद्रव्ये ज्ञात असून ती ७ आवर्तांत (आडव्या ओळी) व १८ गणांत (उभे स्तंभ) बसवली आहेत. एका गणातील मूलद्रव्यांच्या बाह्यतम कवचात बहुधा सारख्याच संख्येने इलेक्ट्रॉन असतात, म्हणून त्यांचे रासायनिक वर्तन मिळतेजुळते असते. आवर्तात किंवा गणात गुणधर्म ज्या दिशेने बदलत जातात तिला कल म्हणतात. प्रस्तुत नोंदीत कल स्पष्ट करण्यासाठी बेळगाव, खानापूर, चंदगड व अथणी या पट्ट्यातील माती, खनिजे व ओतकाम यांची उदाहरणे घेतली आहेत.

परिभाषा : सीमाभागात मराठी माध्यमातून शिकलेला विद्यार्थी पुढे कन्नड पुस्तक हाती घेतो तेव्हा पहिल्या पानावरच अडखळतो. कन्नडमध्ये ‘धातु’ म्हणजे मूलद्रव्य, तर ‘लोह’ म्हणजे आपण ज्याला धातू म्हणतो तो वर्ग. लोखंडाला तिथे ‘कब्बिण’ हा शब्द आहे. त्यामुळे ‘ऑक्सिजन हा धातु आहे’ हे विधान कन्नडमध्ये बरोबर आणि मराठीत साफ चूक ठरते. सारणीला कन्नडमध्ये ‘आवर्त कोष्टक’ म्हणतात, तिथे मात्र घोटाळा होत नाही.

उगम व श्रेय : योहान डोबेरायनर (त्रिके, १८२९), आलेक्सांद्र द शांकूर्त्वा (१८६२), जॉन न्यूलँड्स (अष्टके, १८६५) आणि लोथार मायर यांनी सारणीची वाट तयार केली. मायर यांचा पहिला अपुरा तक्ता १८६४ चा आहे. परंतु जागा रिकाम्या ठेवून तिथे येणाऱ्या मूलद्रव्यांचे गुणधर्म आकड्यांत सांगण्याचे धाडस द्मित्री मेंडेलीव्ह यांनी केले. म्हणून १८६९ हेच सारणीचे जन्मवर्ष धरणे योग्य वाटते. त्या वेळी ६३ मूलद्रव्ये माहीत होती.

अज्ञात मूलद्रव्यांना मेंडेलीव्ह यांनी एका-ॲल्युमिनियम, एका-बोरॉन, एका-सिलिकॉन अशी नावे दिली. यातील ‘एक’, ‘द्वि’, ‘त्रि’ ही उपपदे संस्कृत आहेत, याबद्दल दुमत नाही. ती का घेतली, यावर मात्र आहे. पाणिनीच्या व्याकरणाचे संपादक ओटो ब्योटलिंक हे सेंट पीटर्सबर्गच्या विद्वद्वर्तुळातले. शिवसूत्रांतील (पाणिनीच्या व्याकरणाच्या आरंभीच्या वर्णसूत्रांतील) वर्णांची द्विमितीय रचना मेंडेलीव्ह यांच्यापर्यंत त्यांच्याकरवी पोहोचली असावी, असे भाषाशास्त्रज्ञ पॉल किपार्स्की यांनी सुचवले आहे. कल्पना आकर्षक आहे आणि आपल्याकडे ती वारंवार सिद्ध गोष्टीसारखी सांगितली जाते. पण हा पुरावा परिस्थितिजन्यच आहे. संस्कृत संख्यावाचके तेव्हा युरोपातील भाषाभ्यासकांच्या सरावाची होती. तेवढ्यावर नावांचा उलगडा होतो, सारणीचा होत नाही.

एका-ॲल्युमिनियम म्हणजे गॅलियम. ते १८७५ मध्ये लकॉक द ब्वाबोद्रां यांना सापडले. त्यांनी घनता ४.७ मोजली. मेंडेलीव्ह यांनी ती ५.९ च्या आसपास असली पाहिजे, नमुना पुन्हा शुद्ध करा, असे कळवले, फेरमोजणीत ५.९ च निघाली. पुढे स्कँडियम (१८७९) व जर्मेनियम (१८८६) यांनीही भाकिते खरी केली. अणुवस्तुमानाऐवजी अणुअंक हा खरा आधार आहे, हे हेन्री मोस्ली यांनी १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवले. त्यामुळे टेल्युरियम-आयोडीन या जोडीचा अणुवस्तुमानानुसार उलटा वाटणारा क्रम सरळ झाला. हायड्रोजन कोणत्या गणात घालावा आणि तिसऱ्या गणात लँथॅनम घ्यावे की ल्युटेशियम, हे वाद अजून चालू आहेत.

मुख्य कल : आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना केंद्रकाचा धनप्रभार वाढतो, पण इलेक्ट्रॉन त्याच कवचात भरत जातात, म्हणून अणू आकसतो. तिसऱ्या आवर्तात अणुत्रिज्या सोडियम १८६, मॅग्नेशियम १६०, ॲल्युमिनियम १४३, सिलिकॉन ११७, फॉस्फरस ११०, गंधक १०४, क्लोरीन ९९ पिकोमीटर अशी उतरते. गणात खाली गेल्यास नवे कवच जोडले जाते आणि अणू फुगतो : लिथियम १५२, सोडियम १८६, पोटॅशियम २३१. वहीत हटकून होणारी एक चूक म्हणजे ऑर्गॉनची त्रिज्या क्लोरीनच्या दीडपटीहून अधिक लिहून कल मोडला असे म्हणणे. ऑर्गॉनची ती व्हॅन डर वाल्स त्रिज्या (बंध नसलेल्या शेजारी अणूंवरून मोजलेली) असते, क्लोरीनची सहसंयुज (बंधाने जोडलेल्या अणूंवरून मोजलेली). दोन वेगळ्या मापांची तुलना होत नाही.

आयनीभवन ऊर्जा (अणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) उजवीकडे वाढते, परंतु सरळ रेषेत नाही. किलोज्यूल प्रतिमोलमध्ये सोडियम ४९६, मॅग्नेशियम ७३८, ॲल्युमिनियम ५७८, सिलिकॉन ७८६, फॉस्फरस १०१२, गंधक १०००, क्लोरीन १२५१. ॲल्युमिनियमचा जाणारा इलेक्ट्रॉन पी उपकवचातला, म्हणून सैल. गंधकात एका कक्षकात दोन इलेक्ट्रॉन आल्याने त्यांचे परस्पर-प्रतिकर्षण होते आणि एक सहज सुटतो. परीक्षेत नेमक्या याच दोन खाचा विचारतात. विद्युतऋणता (बंधातील इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याची क्षमता) फ्लोरिनमध्ये सर्वाधिक. इलेक्ट्रॉन स्वीकारताना सुटणारी ऊर्जा मात्र क्लोरीनमध्ये (३४९) फ्लोरिनपेक्षा (३२८) जास्त असते, कारण फ्लोरिनच्या इवल्याशा अणूत आधीच दाटी असते.

जांभा व काळी माती : कल जमिनीवर पाहायचा असेल तर खानापूर तालुक्यातील कणकुंबी-जांबोटीकडून पूर्वेला अथणीपर्यंत जावे. आयनाचा प्रभार भागिले त्याची त्रिज्या (अँगस्ट्रॉममध्ये) हे गुणोत्तर पोटॅशियमसाठी ०.७, सोडियम १.०, कॅल्शियम २.०, मॅग्नेशियम २.८, फेरिक लोह ४.७ व ॲल्युमिनियमसाठी ५.६ येते. ढोबळपणे ३ च्या खालचे आयन पाण्यात विरघळून वाहतात. त्यावरचे पाण्याच्या रेणूंतील हायड्रोजन दूर लोटून हायड्रॉक्साइड म्हणून जागीच बसतात. घाटमाथ्यावरचा पाऊस पहिल्या दोन गणांचा खडकातून निचरा करतो, सिलिकाही सावकाश जाते, उरतात लोह, ॲल्युमिनियम व टायटॅनियम. तो जांभा. पूर्वेकडे पाऊस कमी, म्हणून कॅल्शियम टिकते. काळ्या मातीत चुनखडीचे खडे दिसतात. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात निचरा नसताना पाणी फार दिले की सोडियम वर येऊन साचते व जमीन चोपण होते. तिथे जिप्सम घालतात : त्यातील द्विप्रभारी कॅल्शियम मातीच्या कणांवरच्या सोडियमची जागा घेते. सुटलेले सोडियम वाहून जायला चर नसेल तर जिप्समचा खर्च वाया जातो.

बॉक्साइट : जिथे सडा (जांभ्याचे सपाट पठार) उंच आणि निचरा उत्तम, तिथे जांभ्यातील ॲल्युमिनियम आणखी वाढून बॉक्साइट बनते. चंदगड व राधानगरी तालुक्यांत त्याचे साठे आहेत. कासारसडा हे नावच बोलके आहे. बेळगावजवळ यमनापूरला हिंडाल्कोचा (पूर्वीचा इंडाल) अल्युमिना (ॲल्युमिनियमचे ऑक्साइड) कारखाना आहे. अल्युमिना काढण्याची बायर पद्धत १८८७-८८ च्या सुमाराची असून ती सारणीतील एका कलावर उभी आहे : तिसऱ्या आवर्तात सोडियमचे ऑक्साइड अल्कधर्मी, क्लोरीनचे आम्लधर्मी, आणि मधल्या ॲल्युमिनियमचे उभयधर्मी, म्हणजे आम्ल व अल्क दोन्हींत विरघळणारे. दळलेले खनिज दाहक सोड्याच्या द्रावणात दाबाखाली शिजवतात. गिब्साइट प्रकारच्या बॉक्साइटला सुमारे १४०-१५० अंश सेल्सियस पुरते. ॲल्युमिनियम द्रावणात जाते, लोह व टायटॅनियमची ऑक्साइडे तांबड्या गाळात राहतात. निवळलेले द्रावण थंड करून त्यात हायड्रेटचे (ॲल्युमिनियमच्या हायड्रॉक्साइडचे) बारीक स्फटिक बीज म्हणून टाकले की हायड्रेट खाली बसते. ते १,००० अंशांच्या वर भाजले की अल्युमिना. खनिजात मातकट सिलिका असेल तर ती आधी विरघळते आणि मग सोडियम-ॲल्युमिनियम सिलिकेट होऊन बाहेर पडते. एक किलो सिलिकेमागे पाऊण ते एक किलो सोडा वाया जातो, शिवाय नळ्यांत खपली धरते ती वेगळीच.

गॅलियम याच द्रावणात मिळते. गणात एक पायरी खाली असूनही त्याची त्रिज्या (१३५) ॲल्युमिनियमपेक्षा कमी आणि आयनीभवन ऊर्जा (५७९) जवळपास तितकीच. मध्ये आलेले दहा ३डी इलेक्ट्रॉन केंद्रकाला नीट झाकत नाहीत, म्हणून अणू फुगत नाही. त्यामुळे बॉक्साइटमध्ये ते ॲल्युमिनियमच्या जागी लपून बसते, सोड्यातही सोबत विरघळते. पण हायड्रेट बसताना मागे राहते व फिरत्या द्रावणात साचत जाते. ते २९.८ अंशांना वितळते. बेळगावच्या चैत्रात बाटलीतच त्याचे पाणी होईल.

ओतकाम : बेळगावच्या उद्यमबाग व मच्छे येथील फाउंड्र्यांत बिडाचा (ओतीव लोखंडाचा) रस तपासताना कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक व फॉस्फरस हे पाच आकडे पाहतात. करड्या बिडात साधारण ३.२-३.५ टक्के कार्बन व २ टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन ठेवतात. गंधक सोळाव्या गणातले, इलेक्ट्रॉन ओढणारे. ते लोखंडाशी जुळले तर कडा पांढऱ्या व कडक होतात, हत्यार चालत नाही. म्हणून गंधकाला बांधून ठेवण्यासाठी मँगनीज घालतात : गंधकाच्या १.७ पटीत ०.३ टक्के मिळवून, असा हिशेब धरतात.

तंतुक्षम (न तुटता वाकणाऱ्या) बिडासाठी मॅग्नेशियम लागते, कारण दुसऱ्या गणातील हा धातू गंधक व ऑक्सिजन दोन्ही ओढून घेतो आणि मग बिडातील ग्राफाइटचे (कार्बनचे) पापुद्रे न होता गोळ्या होतात. अडचण अशी की मॅग्नेशियम १,०९० अंशांना उकळते आणि रस १,४५० च्या पुढे असतो. शुद्ध तुकडा टाकला तर भडका उडून सारे वाफ होऊन जाते. त्यासाठी फेरो-सिलिकॉन-मॅग्नेशियम मिश्रधातू लेडलच्या (रस वाहून नेण्याच्या भांड्याच्या) तळाशी खळग्यात ठेवून वर पोलादाचे तुकडे पसरतात व मग रस ओततात. शेवटी ०.०३ ते ०.०५ टक्के मॅग्नेशियम उरले पाहिजे. ते दर मिनिटाला घटते; दहा मिनिटांच्या आसपास गोळ्या बिघडू लागतात, आणि उशीर झालेला रस साच्यात न घालता परत भट्टीत टाकावा लागतो.