गेट (इंग्रजी क्रियापद)

गेट हे इंग्रजी बोलण्यात सतत येणारे क्रियापद. भूतकाळी रूप गॉट. भूतकालवाचक धातुसाधित गॉट किंवा गॉटन. मराठीत फाटक या अर्थाने रुळलेला ‘गेट’ हा शब्द वेगळा. त्यातला ए लांब, यातला आखूड. शाळेत या क्रियापदाचा अर्थ ‘मिळणे, मिळवणे’ असा शिकवतात. तो चूक नाही, पण फार पुरत नाही. ‘इट इज गेटिंग डार्क’ म्हणजे अंधार पडू लागला आहे, ‘शी गॉट होम’ म्हणजे ती घरी पोहोचली, ‘आय गॉट द जोक’ म्हणजे विनोद कळला. या सगळ्यांत समान गोष्ट एकच : आधी नव्हते ते आता झाले. कधी वस्तू माणसाकडे येते, कधी माणूसच एखाद्या जागी किंवा अवस्थेत जाऊन पोहोचतो.

शब्द आला उत्तरेकडून. नवव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत स्कँडिनेव्हियन लोक वसले. त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेतले ‘गेता’ हे क्रियापद इ.स. १२०० च्या सुमारास इंग्रजीत दिसू लागते. जुन्या इंग्रजीत हाच धातू होता, पण तो उपसर्ग लावूनच वापरात असे. आजचे फर्गेट (विसरणे) आणि बिगेट (जन्म देणे) हे त्याचे वंशज. त्या देशी रूपांतला ग उच्चारात य सारखा होता, आजचा कडक ग नॉर्सच्या प्रभावाचा. लॅटिनमधील ‘प्रेहेन्देरे’ म्हणजे पकडणे, हे या धातूचे दूरचे भावंड. त्याच्यापासून झालेल्या काँप्रिहेंडचा अर्थ समजणे असा होतो आणि गेटलाही तो अर्थ आहेच. संस्कृतातून आलेले आपले ‘ग्रहण करणे’ही हातापासून बुद्धीपर्यंत असेच गेले आहे.

मराठी माणसाला गेट अवघड जाते त्याचे कारण शब्दसंग्रहात नाही, वाक्यरचनेत आहे. ‘मला पत्र मिळाले’, ‘मला राग आला’, ‘मला कळले’ या वाक्यांत अनुभव घेणारा ‘मला’ होऊन बाजूला बसतो. इंग्रजी त्यालाच कर्ता करते आणि गेटला कामाला लावते. त्यामुळे या एका क्रियापदासाठी मराठीत मिळणे, येणे, होणे, कळणे, लागणे असे काहीही येऊ शकते. त्यातल्या त्यात जवळचे लागणे म्हणावे : नोकरी लागते, सवय लागते. या दोन्ही ठिकाणी इंग्रजीत गेट चालते. भूक मात्र ‘लागली’ तरी ती ‘गेट हंग्री’ अशी, विशेषणाच्या सोबतीने येते.

समानार्थी शब्द भरपूर आहेत, पण प्रत्येकाचा इलाखा छोटा. ऑब्टेन हा कागदोपत्री शब्द. परवाना, परवानगी, गुण यांच्यासाठी. रिसीव्हमध्ये घेणाऱ्याचा प्रयत्न नसतो, दुसऱ्याने पाठवलेले हाती पडते. अक्वायर म्हणजे संपादन करणे, मग ती जमीन असो की कौशल्य. भूसंपादनाला लँड अक्विझिशन म्हणतात ते यावरून. प्रोक्युअरमध्ये खटपट करून आणणे असते, म्हणून सरकारी धान्यखरेदीला प्रोक्युअरमेंट. फेच म्हणजे जाऊन घेऊन येणे. अवस्थाबदलासाठी बिकम, पोहोचण्यासाठी रीच किंवा अराइव्ह, आजार जडण्यासाठी कॅच, समजण्यासाठी अंडरस्टँड. यांतले ऑब्टेन, रिसीव्ह, अक्वायर, प्रोक्युअर हे लॅटिन घराण्याचे, त्यामुळे अर्जात शोभतात आणि गप्पांत जड होतात. निबंधात गेट टाळा असा सल्ला दिला जातो. त्याचा अतिरेक झाला की ‘आय रीच्ड होम आफ्टर ऑब्टेनिंग व्हेजिटेबल्स’ अशी हास्यास्पद वाक्ये जन्माला येतात.

दुसऱ्याकडून काम करून घेण्यासाठीही गेट वापरतात. ‘आय मेड हिम गो’ मध्ये भाग पाडणे आहे, ‘आय हॅड हिम गो’ मध्ये सांगून पाठवणे, तर ‘आय गॉट हिम टू गो’ मध्ये बहुधा मनधरणी. पहिल्या दोहोंत ‘टू’ नाही, तिसऱ्यात आहे, आणि नेमका तोच गळतो. वस्तूच्या बाबतीत रचना बदलते : ‘आय गॉट द फॅन रिपेअर्ड’, म्हणजे पंखा दुरुस्त करून घेतला. ‘गॉट मॅरिड’, ‘गॉट फायर्ड’ यांसारख्या प्रयोगांत गेट कर्मणी रचनेतल्या ‘बी’ची जागा घेते, लग्न झाले, नोकरी गेली. अप, ओव्हर, बाय, अवे असे शब्द जोडले की अर्थ आणखी फुटतात : उठणे, आजारातून सावरणे, कसेबसे भागवणे, निसटणे.

गॉटन हे अमेरिकनांनी बिघडवलेले रूप आहे, असा समज आपल्याकडे पक्का आहे. प्रत्यक्षात ते इंग्रजीतलेच जुने रूप असून प्रमाण ब्रिटिश वापरातून मागे पडले. फर्गॉटन आणि इल-गॉटन मध्ये ते तिथेही टिकून आहे. अमेरिकेत दोन्ही रूपांत फरक करतात : ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे माझ्याकडे गाडी आहे, ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणजे मी गाडी मिळवली. ब्रिटिश इंग्रजीत हा भेद संदर्भावरून ओळखावा लागतो.

भारतीय इंग्रजीत ऐकू येणारे ‘आय अ‍ॅम नॉट गेटिंग टाइम’ हे ‘मला वेळ मिळत नाही’चे सरळ रूपांतर; प्रमाण इंग्रजीत ‘आय डोंट हॅव टाइम’ म्हणतात. ‘आय अ‍ॅम गेटिंग बोअर’ मध्ये चुकते ते गेट नव्हे. तिथे ‘बोअर्ड’ हवे.