‘सदृश’ या शब्दाची पार्श्वभूमी

1953 चा नागपूर करार, मराठवाड्याचे महाराष्ट्रात बिनशर्त सामील होणे, 1983 ची अनुशेष म्हणजे विकासातली मागे राहिलेली तूट मोजणारी समिती, 1994 ची वैधानिक विकास मंडळे आणि 30 एप्रिल 2020 ला संपलेली त्यांची मुदत. सरकारवरच्या अविश्वासाचा विषय निघाला की मराठवाड्यात व्यासपीठावरून हाच पाठ म्हटला जातो. पण अनुशेषाच्या आकड्यावरून पारावर कोणी तावातावाने बोलल्याचे मला आठवत नाही. तिथे डोके फिरते ते सरकारी आदेशांतल्या एका शब्दाने: ‘दुष्काळसदृश’.

आपल्या बोलण्यात दुष्काळ हा एकच शब्द. अन्नान्न करत माणसे मेली तरी दुष्काळ आणि मृगापासून पावसाने दडी मारली तरी दुष्काळच. कायद्यात मात्र उपासमारीच्या दुष्काळाला इंग्रजांच्या काळापासून वेगळा शब्द होता, ‘फॅमिन’. 1963 मध्ये महाराष्ट्राने खास कायदा करून तो शब्दच राज्याच्या कायद्यांतून काढून टाकला. त्याची जागा ‘टंचाई’ने घेतली. आता सरकार वेळीच मदतीला धावते, तशी वेळ येऊच दिली जात नाही, हा त्यामागचा युक्तिवाद. त्यात तथ्य नव्हते असे नाही. 1972 ला कागदावर टंचाई होती, पण खडी फोडायला काम होते, पोरांना सुकडी होती आणि त्याच अनुभवातून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. बहात्तर पाहिलेली म्हातारी माणसे सरकारला फारशा शिव्या देत नाहीत, हे लक्षात घ्यायला हवे.

भरवसा झिजला तो नंतर, मोजणीत. आधी आणेवारी, मग पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या पिकाच्या तुलनेत यंदा रुपयात किती पैसे पीक आले याचा हिशेब. शेतात दहा मीटर बाय दहा मीटरचा तुकडा आखायचा, पीक कापायचे, मळायचे, वजन करायचे. 50 पैशांच्या आत आले तर गाव सवलतींना पात्र. सप्टेंबरची नजरअंदाज पैसेवारी, ऑक्टोबरची सुधारित आणि डिसेंबरअखेरची अंतिम यांत गाव कधी 48 वर, कधी 53 वर. चार-पाच पैशांत अख्ख्या गावाची वीजबिलातली सूट आणि पोरांची परीक्षा फी अडकलेली असते, तेव्हा तलाठ्याकडे संशयाने पाहिले जाणारच.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, पहिल्या फेरीत पाच लाख लिटर घेऊन. तोवर सरकारी आदेशांत परिस्थिती ‘दुष्काळसदृश’च होती. प्रकरण न्यायालयात गेल्यावर, मे महिन्यात, ‘दुष्काळसदृश’च्या जागी ‘दुष्काळ’ वाचावे असा आदेश निघाला. रेल्वे आधी आली, शब्द नंतर.

त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्राची नवी दुष्काळ संहिता आली. पैसेवारी मागे पडली. पावसाची तूट, पेरणी, जमिनीतला ओलावा, उपग्रहातून दिसणारी हिरवळ असे निर्देशांक आले. माणसाच्या नजरेपेक्षा हे बरे, असे वाटले होते. पण 2023 मध्ये राज्यात 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात नांदेड, परभणी, हिंगोलीचा एकही तालुका नव्हता. ओरड झाल्यावर राहिलेली महसूल मंडळे, म्हणजे तालुक्याखालचे गावांचे गट, वेगळ्या आदेशाने घेतली गेली आणि जुना शब्द परत आला, ‘दुष्काळसदृश’. राज्याच्या सवलती बहुतेक त्याच, पण केंद्राच्या निधीची वाट त्या ‘सदृश’पाशी बंद.

सप्टेंबर 2025 मध्ये उलटे झाले. सिंदफणा, मांजरा, सीना पात्र सोडून शेतात शिरल्या, जायकवाडीतून तीन लाख क्युसेकवर पाणी सोडले गेले. मागणी आली ओल्या दुष्काळाची. उत्तर मिळाले की ओला दुष्काळ हा शब्द संहितेत नाही, सवलती मात्र दुष्काळाच्याच मिळतील. नियमाने हे बरोबर आहे. अडचण अशी की विरोधात असताना हाच शब्द सगळ्याच पक्षांनी गळा फाटेस्तोवर वापरलेला आहे आणि लोकांना ते पाठ आहे. 7 ऑक्टोबरला 31,628 कोटींचे पॅकेज जाहीर झाले. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार रोख, वर रोजगार हमी योजनेतून तीन लाखांपर्यंत.

आमच्या शेजारच्या गावातले एक आजोबा ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या मदतीच्या यादीत बोट फिरवत आपले नाव शोधत होते. सापडले. यादीत नावापुढे असलेला विशिष्ट क्रमांक घेऊन ते ओळख पटवायला सेवा केंद्रात गेले. कामाने घासलेला अंगठा मशीनला चौथ्यांदा पटला. आठवड्याने पैसे आले, पण जुन्या पीककर्जापायी खात्याला होल्ड होता. कर्जवसुलीला स्थगिती ही सवलतींतलीच एक, म्हणून त्यांनी वर्तमानपत्राचे कात्रण पुढे केले. काउंटरवरच्या माणसाने ते वाचले, घडी घालून परत दिले आणि म्हणाला, ‘बाबा, आमच्याकडं अजून पत्र आलेलं नाही.’